संगणकाचा नवा पडदा आणि आपल्या भागातील कामकाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संगणकप्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव मुदत आहे, पण ती संपली की पुढे काय, हा प्रश्न उरतोच; म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील सहकारी पतसंस्था म्हणजेच सोसायट्या, ऑनलाईन सेंटर, छापखाने, शाळांची कार्यालये आणि उद्यमबागेतील कारखाने आपापले संगणक विंडोज 11 वर नेत आहेत. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा (मोजके अपवाद वगळता) प्रोसेसर किंवा टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय नसलेले यंत्र या प्रणालीच्या अधिकृत अटींत बसत नाही, त्यामुळे पुष्कळांना यंत्रच नवे घ्यावे लागते. या खर्चाविषयी बरेच बोलून झाले आहे. यंत्र आल्यावर पडद्यावरची मांडणी बदललेली असते आणि त्या बदलाचा भार प्रत्यक्ष काम करणाऱ्यावर पडतो, याविषयी मात्र कोणी बोलत नाही. पाणी, रस्ते आणि सीमाप्रश्न यांच्या पत्रांमध्ये हा विषय किरकोळ वाटेल याची मला कल्पना आहे. तरी आज ज्यांचा उतारा, जातीचा दाखला किंवा ठेवीची पावती या पडद्यातूनच बाहेर पडते, त्यांच्यासाठी तो किरकोळ नाही.

ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 आले तेव्हापासून स्टार्टचे बटण पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात होते. मधला एक फसलेला प्रयोग सोडला तर ऑक्टोबर 2021 मध्ये विंडोज 11 येईपर्यंत, म्हणजे सुमारे 26 वर्षे, ते तिथेच राहिले. विंडोज 11 ने ते खालच्या पट्टीच्या मध्यभागी आणले. ही पट्टी, म्हणजे टास्कबार, पूर्वी पडद्याच्या चारही कडांपैकी हवी तिथे नेता येत असे. नवी प्रणाली आली तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती. उघड्या खिडक्यांची नावे पट्टीवर लिहिलेली दिसत, तीही गेली आणि एका प्रोग्रामच्या सर्व खिडक्या एकाच चिन्हाखाली गोळा झाल्या. माउसचे उजवे बटण दाबल्यावर येणारी यादी आखूड झाली आणि नेहमीच्या कितीतरी आज्ञा ‘शो मोअर ऑप्शन्स’ या ओळीमागे गेल्या. कट, कॉपी, पेस्ट, रिनेम, डिलीट या पाच आज्ञांचे तर शब्दच नाहीसे होऊन त्यांच्या जागी बारीक चित्रे आली. फाइल ओढून पट्टीवरच्या प्रोग्रामवर नेण्याची जुनी सोयही पहिल्या आवृत्तीत नव्हती.

यांतील काही गोष्टी कंपनीने नंतर परत दिल्या. ओढून नेण्याची सोय 2022 मध्ये आली, खिडक्यांची नावे 2023 मध्ये, आणि त्या चित्रांना शब्द 2024 च्या आवृत्तीत मिळाले. म्हणजे तक्रार करणारे केवळ हट्टी किंवा मागासलेले नव्हते, हे कंपनीनेच कृतीतून मान्य केले आहे. ज्यांनी मधल्या दोन-तीन वर्षांत यंत्र घेतले आणि पुढे अपडेटच केले नाही, ते मात्र अजून शब्दांविना असलेली ती यादी वापरत आहेत.

कोपऱ्याचा आग्रह सवयीपुरता नाही, त्यामागे मोजलेले शास्त्र आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये दाखवून दिले की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांवर अवलंबून असतो. लक्ष्य जितके लांब आणि जितके अरुंद, तितका वेळ अधिक. संगणकाच्या पडद्यावर या नियमाला एक विशेष जोड मिळते. माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण कडेला थांबतो, पलीकडे जात नाही. म्हणून कडेला लागून असलेले बटण दिसते त्याहून कितीतरी मोठे असल्यासारखे काम करते, आणि कोपऱ्यात तर दोन कडा मिळून बाण अडवतात. तिथे नेम धरावाच लागत नाही. मध्यभागी आणलेल्या बटणाला खालच्या कडेचा आधार उरतो, डाव्या कडेचा जातो. शिवाय चिन्हे मध्यावर जमवलेली असल्याने एकेक प्रोग्राम उघडत गेला की सगळी रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि स्टार्टचे बटण थोडे थोडे डावीकडे सरकत जाते. सकाळी जिथे होते तिथे ते दुपारी नसते. माझ्या मते या रचनेतील सर्वांत मोठा दोष हाच आहे. एखादी वस्तू नव्या जागी ठेवली तर माणूस ती जागा शिकतो, पण जागाच रोज बदलत असेल तर शिकायचे काय?

हा दोष सगळ्या जगाला लागू आहे, हे खरे. आपल्या भागात तो जास्त का जाणवतो, ते सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातील एखाद्या ऑनलाईन सेंटरमध्ये काम करणारी मुलगी घरी मराठी बोलते. तिच्यासमोरचा सरकारी अर्ज कन्नडमध्ये असतो. ज्या प्रणालीवर तो अर्ज उघडला आहे, तिच्या सगळ्या आज्ञा इंग्रजीत असतात. समोर बसलेला शेतकरी कधी मराठी, कधी कन्नड, कधी दोन्हींची सरमिसळ करत बोलतो. दिवसभर तीन भाषा आणि तीन लिप्या हाताळणारी ही व्यक्ती पडद्यावरचे इंग्रजी शब्द दर वेळी वाचत नाही. तिला वाचता येत नाही असे नव्हे. तिला वेळ नसतो आणि गरजही नसते. उजवे बटण दाबले की चौथी ओळ, कोपऱ्यातले बटण, उजवीकडून तिसरे चिन्ह, अशा जागांच्या आधारावर तिचे हात चालतात. जागा बदलली की तिला तिसऱ्या भाषेत वाचत, शोधत जावे लागते. आणि जागेबरोबर शब्दही काढून चित्र ठेवले की वाचण्याचाही आधार जातो. इंग्रजीतच विचार करणाऱ्या कारकुनाला हा बदल काही दिवस त्रास देईल, पण शब्द तरी त्याच्या ओळखीचे असतात. आपल्याकडे एकाच वेळी दोन्ही आधार सुटतात.

विंडोज मराठीत किंवा कन्नडमध्ये करून घेता येते, मग तक्रार कशाला, असे कोणी म्हणेल. भाषेचे संच उपलब्ध आहेत हे खरे आहे. पण सोसायटीतल्या एका यंत्रावर पाळीपाळीने मराठी आणि कन्नड माणसे बसतात, दुरुस्तीला येणारा मुलगा इंग्रजी नावांनीच सगळे ओळखतो, आणि फोनवरून मदत करणारा ‘सेटिंग्जमध्ये जा, सिस्टिमवर क्लिक करा’ असेच सांगतो. म्हणून यंत्र इंग्रजीत ठेवणे ही आपल्या भागातली व्यवहारी तडजोड आहे आणि ती लवकर बदलेल असे मला वाटत नाही.

एखादी गोष्ट ठरल्या जागी असण्याचे मोल आपल्याकडच्या टंकलेखकांना वेगळे सांगायला नको. भारतीय लिप्यांसाठीची इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी 1991 च्या भारतीय मानकात समाविष्ट आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ‘के’ या कळीवर देवनागरीतला क आहे आणि कन्नडमधलाही क त्याच कळीवर आहे. ख, ग, घ यांचेही तसेच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, ही व्यवस्था सर्व लिप्यांत समान. ज्याने मराठी टंकलेखन इनस्क्रिप्टवर शिकले, त्याला लिपी बदलण्याची कळ दाबून कन्नड लिहायला वेगळा अभ्यास जवळजवळ करावा लागत नाही. कन्नडसाठी नुडी या सॉफ्टवेअरची वेगळी मांडणीही मोठ्या प्रमाणावर चालते आणि ती वापरणाऱ्याला हा लाभ मिळत नाही, हे नमूद केले पाहिजे. तरीही मुद्दा स्पष्ट आहे: दोन भाषांच्या सीमेवर बसून काम करणाऱ्यांना समान आणि स्थिर जागांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा क्वचितच कोणाला होत असेल. कळफलक करताना हे ज्यांच्या लक्षात आले, त्यांच्याइतकी दृष्टी पडद्याची मांडणी करणाऱ्यांनी दाखवली नाही.

वापरसुलभता हा आवडीनिवडीचा विषय मानला जातो, तेही चूक आहे. आयएसओ 9241-11 या आंतरराष्ट्रीय मानकाने, जे 1998 मध्ये आले आणि 2018 मध्ये सुधारले गेले, तिची व्याख्याच केली आहे. ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्ट आणि ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भात काम किती परिणामकारकपणे, किती कार्यक्षमतेने आणि किती समाधानाने होते, यावर ती मोजायची असते. या व्याख्येतील ‘ठरावीक’ हा अटीचा भाग महत्त्वाचा. रुंद पडद्यासमोर एकटा बसून दिवसभर मोजके दोन प्रोग्राम वापरणाऱ्याला मध्यभागी आणलेले बटण सोयीचे असू शकेल. तिथे डावा कोपरा डोळ्यांपासून खरोखरच लांब असतो. आपल्याकडच्या काउंटरवर मात्र बहुधा 1366 गुणिले 768 बिंदूंचा लहान पडदा असतो. त्यावर फायलींच्या यादीतील वाढवलेल्या मोकळ्या जागेमुळे पूर्वीपेक्षा कमी नावे एका वेळी दिसतात आणि सरकपट्टी इतकी बारीक होते की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती सापडतच नाही.

सोसायटीतील संध्याकाळ पाहिली म्हणजे हे पटेल. पिग्मी, म्हणजे रोजची लहान बचत, गोळा करणारे एजंट एकामागून एक येत असतात, त्यांच्या यंत्रातील दिवसभराची वसुली संगणकावर घ्यायची असते, पासबुक छापायचे असते, आणि दुसरीकडे कर्जाच्या हप्त्याचा हिशेब, सभासदाची केवायसी आणि वरिष्ठांनी मागितलेला तक्ता, अशी कामे एकाच वेळी उघडी असतात. तीन एक्सेल फायली उघड्या असताना त्यांची नावे पट्टीवर दिसत असली तर हवी ती एका क्लिकमध्ये मिळते. एकाच चिन्हाखाली तिन्ही गेल्या, तर चिन्हावर थांबायचे, लहान चित्रे उमटण्याची वाट पाहायची, त्यांतून एकसारख्या दिसणाऱ्या तक्त्यांमधला योग्य तो ओळखायचा, मग क्लिक करायचे. एका वेळेला लागणारा उशीर क्षुल्लकच. पण तो दिवसभर, प्रत्येक ग्राहकामागे लागतो, आणि मार्चअखेरीस तर रांग दाराबाहेर गेलेली असते. या उशिराचा हिशेब कोणत्याही खतावणीत येत नाही आणि शिव्या मात्र काउंटरवर बसलेलीला खाव्या लागतात.

‘लोकांना सवय होते’ हे नेहमीचे उत्तर यावर मिळते. सवय होते, पण नेहमी नाही, आणि इतिहास पाहिला तर कंपन्यांनाच माघार घ्यावी लागल्याची उदाहरणे आहेत. वर उल्लेखलेला फसलेला प्रयोग म्हणजे ऑक्टोबर 2012 चे विंडोज 8. त्यात स्टार्टचे बटणच काढून पडदाभर फरशा मांडल्या होत्या, वर्षभरात 8.1 मध्ये बटण परत आले आणि 2015 च्या विंडोज 10 मध्ये स्टार्टची यादीही आली. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही हेच घडले. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या ग्नोम या डेस्कटॉपच्या एप्रिल 2011 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी पट्टी आणि खिडक्यांची यादी मोडीत काढली, तेव्हा वापरकर्त्यांतूनच जुनी मांडणी जपणारा मेट हा फाटा निघाला, लिनक्सचीच एक आवृत्ती असलेल्या लिनक्स मिंटने सिनॅमन हा स्वतःचा डेस्कटॉप उभा केला, आणि 2013 मध्ये ग्नोमलाही जुन्या धर्तीची क्लासिक मांडणी द्यावी लागली. फरक एवढाच की तिथे नाराज माणसांना मूळ सामग्री घेऊन वेगळे घर करता आले. विंडोज वापरणाऱ्याला तो मार्ग नाही. त्याच्या हाती विनंती आणि वाट पाहणे एवढेच असते. म्हणूनच अशा कंपनीवर जुना पर्याय जिवंत ठेवण्याची जबाबदारी अधिक आहे, असे मी मानतो.

नव्या मांडणीत चांगले काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. खिडकी मोठी करण्याच्या बटणावर बाण नेला की पडद्याचे भाग पाडून देणारे नकाशे दिसतात. त्यामुळे एका बाजूला स्कॅन केलेला उतारा आणि दुसऱ्या बाजूला भरायचा अर्ज असे सहज लावता येते, आणि ज्यांना ही युक्ती दाखवली त्या सर्वांना ती आवडली आहे. चांगली सोय कोणाची जुनी जागा न हिसकावताही देता येते, हेच यातून दिसते.

स्टार्टच्या यादीतील एका भागाविषयी मात्र सावध करणे आवश्यक आहे. ‘रिकमेंडेड’ या शीर्षकाखाली अलीकडे उघडलेल्या फायलींची नावे तिथे दिसत राहतात. घरच्या संगणकावर ते उपयोगी असेल. ऑनलाईन सेंटरमध्ये पडदा बऱ्याचदा ग्राहकाकडे वळवलेला असतो, आणि फायलींना माणसांचीच नावे दिलेली असतात. कोणाचे आधार, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाचे वैद्यकीय बिल, हे पुढच्या ग्राहकाला विनासायास वाचता येते. लहान गावात एवढे पुरेसे असते. ही नावे दाखवणे पर्सनलायझेशनमधील स्टार्टच्या पानावरून बंद करता येते. त्याबरोबर फाइल एक्स्प्लोररमधील अलीकडच्या फायलींची यादीही जाते, पण काउंटरवरच्या यंत्रातून ती गेलेलीच बरी.

बाकीच्या बऱ्याच गोष्टी आजही थोड्या खटपटीने सुधारता येतात, आणि त्या करून देण्याची जबाबदारी यंत्र विकणाऱ्याने किंवा संस्थेने घ्यावी, काम करणाऱ्यावर टाकू नये, अशी माझी सूचना आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात टास्कबार बिहेवियर्स असे गेल्यावर अलाइनमेंट ‘लेफ्ट’ केले की स्टार्ट डावीकडे येते आणि सरकायचे थांबते. तिथेच चिन्हे एकत्र करण्याचा पर्याय ‘नेव्हर’ केला की खिडक्यांची नावे परत दिसतात. फायलींच्या खिडकीत व्ह्यूमधून ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ घेतला की लहान पडद्यावर जास्त नावे मावतात. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये सरकपट्टी कायम दिसती ठेवण्याची सोय आहे आणि अक्षरे मोठी करण्याचीही. जुनी लांब यादी हवी असेल तर फाइल निवडून शिफ्ट धरून एफ10 दाबावे. अद्ययावत आवृत्ती घातली म्हणजे चित्रांखाली शब्द येतात, हे वर आलेच आहे. हे सगळे करायला जाणकाराला फारसा वेळ लागत नाही; न जाणणाऱ्याला मात्र असे काही करता येते हेच ठाऊक नसते, कारण यांपैकी एकही पर्याय पहिल्या पडद्यावर समोर येत नाही.

कंपनीकडे माझे मागणे याहून साधे आहे. जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘पूर्वीची मांडणी ठेवायची का’ असे विचारावे. आज यंत्र चालू होताना खाते, ठिकाण, जाहिराती, क्लाउडवरील साठवण अशा कितीतरी गोष्टी विचारल्या जातात. ज्यावर माणसाचे रोजचे काम अवलंबून आहे तेवढीच गोष्ट विचारली जात नाही, हे मला विचित्र वाटते.

आपल्याकडेही करण्यासारखे काही आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. शहापूर, वडगावातील एखादी सोसायटी, ग्रामीण भागातील एखादे ग्राम वन हे सरकारी सेवा केंद्र आणि एखादी नाडकचेरी, म्हणजे तालुक्याखालचे महसूल कार्यालय, घेऊन, तीन भाषांत काम करणाऱ्यांना जुन्या व नव्या मांडणीवर तीच कामे करायला किती वेळ लागतो आणि ते कुठे अडखळतात, एवढे जरी त्यांनी शिस्तीने मोजले, तरी कंपनीसमोर ठेवायला आपल्याकडे काही पुरावा होईल. अशा भाषिक परिस्थितीचा अभ्यास मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत बसून होणार नाही. ती माणसे इथेच आहेत.

आणि एक विनंती सोसायट्यांच्या संचालकांना. यंत्रे बदलायचीच असतील तर मार्च महिन्यात बदलू नयेत, सगळी एकाच दिवशी बदलू नयेत, आणि जुने एक यंत्र, इंटरनेटपासून तोडून का होईना, निदान महिनाभर शेजारी ठेवावे, म्हणजे जुनी नोंद कुठे कशी दिसत होती हे पाहता येईल. निविदेत यंत्राची किंमत आणि वॉरंटी यांच्याबरोबर वर सांगितलेली मांडणी करून देण्याची आणि कर्मचाऱ्यांना त्यांच्या भाषेत दोन तास शिकवण्याची अट घालावी. दरपत्रक देताना विक्रेते ती आनंदाने मान्य करतील. बिल भागवल्यावर विचारले तर ‘उद्या मुलगा पाठवतो’ हे उत्तर ठरलेले असते.

आपला विश्वासू,
एक संगणक प्रशिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव